सून कुटुंबात मोडत नाही

साहेबांच्या घरून माझ्या धाकट्या बहिणीला मागणी आली तेव्हा अप्पांनी एवढंच विचारलं, "आपल्यात काय बघितलं त्यांनी?"

मध्यस्थ म्हणून आलेले गृहस्थ हसले. "पोरगी बघितली की. आनखी काय बघायचं असतंय?"

साहेब म्हणजे आमदार. आमच्याच जिल्ह्यातले. आमची सास्तूरजवळ थोडी शेती, आणि मी धाराशिवला वकिली करायचे, तीही बहुतेक वाटणीच्या आणि पोटगीच्या दाव्यांची. अशा घरात आमदाराच्या घरून माणूस येतो म्हणजे गावाला आठवडाभराचा विषय. अप्पा मात्र ओट्यावर बसून सुपारी कातरत राहिले आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "तू म्हणशील तसं. तिची आई तूच हाईस."

आई भूकंपात गेली. बहीण तेव्हा अंगावर पिणारी होती आणि मी शाळेत जाणारी. तिला मी वाढवलं असं लोक म्हणतात. खरं सांगायचं तर आधी पत्र्याच्या शेडात, मग सरकारनं बांधून दिलेल्या घरात आम्ही दोघी एकमेकींना धरून वाढलो. ती मला आक्का म्हणते. लहानपणी ताप चढला की ती मला आई म्हणायची आणि ताप उतरला की पुन्हा आक्का. मी लग्न केलं नाही. त्याचं कारण ती नव्हती, पण तिला आयुष्यभर तसं वाटत आलं आहे.

मी होकार दिला. मुलगा साधा होता, वडिलांच्या सावलीत वाढलेला, कमी बोलणारा. बहीण त्याच्याकडे बघून लाजली होती, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

साहेबांविषयी माझ्या मनात राग नव्हता, हे आधी सांगायला हवं. त्यांनी तिचं शिक्षण थांबवलं नाही. लग्नानंतर तिनं एम.कॉम. केलं ते त्यांच्या आग्रहानं. परीक्षेच्या दिवसांत सासूबाई तिला स्वयंपाकघरात येऊ द्यायच्या नाहीत. तिचं बाळंतपण अवघड गेलं. सोलापूरच्या दवाखान्यात तिला आत नेलं तेव्हा साहेब सगळे कार्यक्रम सोडून बाहेरच्या बाकावर बसून होते. मुलगी झाली. आम्हाला वाटलं, आता यांचा चेहरा पडेल. त्यांनी उलट अप्पांचे हात हातात घेतले आणि म्हणाले, "अप्पा, मला दोन लेकी हायत म्हनत होतो. तुमची धरून तीन झाल्या, अन् आता ही चौथी."

अप्पा त्या दिवशी रडले. मीही.

भाचीला घेऊन आम्ही सगळे तुळजापूरला देवीला गेलो तेव्हाची गोष्ट. दर्शन झालं होतं. साहेबांभोवती पुजारी आणि कार्यकर्ते जमले होते, म्हणून आम्ही दोघी बाळाला घेऊन लॉजखालच्या हॉटेलात चहा घ्यायला बसलो. बहीण हसत म्हणाली, "आक्का, तुला सांगायचंच राह्यलं. मी गुत्तेदार झाले."

"कसली गुत्तेदार?"

"बांधकामाची. कंत्राटं घ्यायला माझ्या नावावर फर्म काढलीय साहेबांनी. नाव हिचंच दिलंय." तिनं बाळाच्या गालाला बोट लावलं. "मला सिमेंटची गोनी सरळ का उलटी ते बी कळत न्हाय, अन् मी गुत्तेदार."

"सही करताना वाचत जा," मी म्हटलं.

"घरातलेच तर हायत सगळे. वाचून काय करू?"

तिच्या आवाजात कुठंही खोट नव्हती. सासरच्यांनी आपल्या लेकराचं नाव एखाद्या गोष्टीला दिलं, याचा तिला अभिमान वाटत होता. वकील म्हणून मनात काहीतरी खुपलं, पण नावावर फर्म असणं हा गुन्हा नव्हे. किती घरांत बायकांच्या नावावर दुकानं असतात, ट्रॅक्टर असतात.

त्याच सुमारास धाराशिवला आम्ही काही जणांनी एक काम हाती घेतलं होतं. निवृत्त मुख्याध्यापिका, एक निवृत्त उपअभियंता, दोघं-तिघं वकील. रविवारी सकाळी उपअभियंता काकांच्या व्हरांड्यात बसायचो. काम साधं होतं. निवडणुकीला उभं राहताना उमेदवार शपथपत्र देतो. त्यात स्वतःची, बायकोची, अवलंबून असलेल्या माणसांची मालमत्ता आणि सरकारी कंत्राटं सांगावी लागतात. जिल्ह्यात शाळा, दवाखाने, वसतिगृहं, सभागृहं बांधली जातात. त्यांचा निधी कोण मागतं, आणि ते काम शेवटी कुणाच्या हातात जातं, हे शेजारी-शेजारी ठेवून बघायचं. कुठं शंका आली तर त्या लोकप्रतिनिधीला आणि खात्याला लेखी विचारायचं. आरोप नाही, फक्त प्रश्न. उत्तर आलं की दोन्ही लोकांपुढं ठेवायचं. काका म्हणायचे, "आपण पोलीस न्हाय. आपण फक्त विचारणारे."

आमचा आपसात एक नियम होता. ज्याचं नातं किंवा व्यवहार गुंतला असेल त्यानं आधी सांगायचं आणि त्या विषयापुरतं बाजूला बसायचं. हा नियम मीच मांडला होता.

मग काही वर्षांनी एक दिवस कोर्टात एक बाई मला भेटायला आल्या. त्यांची मुलगी तालुक्याच्या गावी नव्या सरकारी वसतिगृहात राहून शिकत होती. मुली शाळेत असताना एका खोलीच्या छताचा गिलावा पलंगांवर पडला होता. पडलेले तुकडे बाईंनी पिशवीत भरून आणले होते. त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "मॅडम, मला केस करायची न्हाय. फक्त तिथं कुनीतरी जाऊन बघा. माझी पोरगी रोज त्याच्याखाली झोपती."

भूकंपात आई गेलेल्या बाईला छताचं असं काही दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी आणि काका गेलो. इमारत उद्घाटनाला सजवलेली तशीच दिसत होती, बाहेरून गुलाबी रंग. आत पायऱ्या खचलेल्या, संडासच्या भिंतींना ओल, वरच्या मजल्यावर सळ्या उघड्या पडलेल्या. मुली आमच्या मागंमागं येत होत्या. एक म्हणाली, "पाऊस आला की आमी पलंग मधी ओढतोत."

परत निघताना काकांनी फाटकाजवळचा फलक वाचायला खिशातून चष्मा काढला. कामाचं नाव, निधी, कोणाच्या प्रयत्नातून. तिथं साहेबांचं नाव मोठ्या अक्षरात होतं. खाली कंत्राटदार. तिथं माझ्या भाचीचं नाव होतं, पुढं 'कन्स्ट्रक्शन' जोडलेलं.

तो फलक रस्त्याला लागून होता. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तो वाचू शकत होता, आणि गावात बहुतेकांना ती कुणाची नात आहे हे माहीतही होतं. कुणी ते लपवलंच नव्हतं.

गाडीत बसल्यावर मी काकांना सांगितलं, "ही फर्म माझ्या बहिणीच्या नावावर आहे."

काकांनी गाडी सुरू केली नाही. म्हणाले, "तुम्ही म्हणत असाल तर हा विषय सोडू. जिल्ह्यात इमारती लई हायत."

रविवारी मी सगळ्यांपुढं सांगितलं आणि उठून व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसले. आत त्यांचं बोलणं चाललं होतं. या वसतिगृहाचा खर्च मंजूर झाल्यावर पुन्हा वाढवून घेतला होता आणि ती वाढ मागणारं पत्र साहेबांचंच होतं, हे काकांनी खात्याकडून मागवून घेतलं होतं. म्हणजे मागणारे सासरे आणि घेणारी सून. अर्ध्या तासानं मुख्याध्यापिका बाई बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या.

"आमचं ठरलं की प्रश्न विचारायचा," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या बहिणीच्या संसाराचा प्रश्न आहे. तुम्ही नको म्हणालात तर कुणी एक शब्द काढणार नाही."

मला त्या मुली दिसत होत्या, पलंग मधे ओढणाऱ्या. मी म्हटलं, "विचारा. फक्त मला आधी तिला जाऊन सांगू द्या."

मी गेले. तिच्या घरी नेहमीसारखी गर्दी होती, अंगणात गाड्या, ओसरीवर अर्ज घेऊन बसलेली माणसं. तिनं मला वरच्या खोलीत नेलं. भाची शाळेत होती. मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "गिलावा कुनाच्या अंगावर पडला का?"

"नाही. पोरी शाळेत होत्या."

तिनं डोळे मिटून घेतले.

"तू त्या फर्ममधून नाव काढून घे," मी म्हटलं.

"ते काय माझ्या हातात हाय, आक्का? मी फर्म कुठं बघितलीय? कागद येतो, मी सही करते. बँकेचं पुस्तक बी माझ्याजवळ न्हाय."

"मग तसं सांग. विचारलं तर खरं सांग."

"कुनाला? अन् सांगून मग राहू कुठं?"

माझ्याकडं ये, असं मी म्हणाले. ती नुसती हसली. खाली उतरताना जिन्यात साहेब भेटले. त्यांना सगळं आधीच कळलं होतं. आवाज जराही चढला नाही. "विचारा की ताई. विचारायचा तुमचा हक्क हाय. कायद्यात बसेल ते उत्तर आमी देऊ. जेवून जावा."

मी जेवून गेले. बहिणीनं वाढलं. शेंगदाण्याची चटणी मला आवडते म्हणून तिनं दोनदा वाढली.

प्रश्न गेला. त्यावर माझी सही नव्हती. महिना-दीड महिन्यात उत्तर आलं. काका ते व्हरांड्यात मोठ्यानं वाचत होते आणि एका ओळीवर येऊन थांबले. मी म्हटलं, "वाचा की." त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

साहेबांनी लिहिलं होतं की सदर फर्मची मालक ही त्यांच्या कुटुंबात मोडत नाही. ती त्यांच्यावर अवलंबून नाही, त्यांच्याशी तिचा कोणताही आर्थिक संबंध नाही आणि ती स्वतंत्र राहते. सबब शपथपत्रात तिचा उल्लेख करण्याचा प्रश्नच येत नाही.

स्वतंत्र राहते हे खोटं होतं, ती त्यांच्याच घरात होती; बाकी कायद्यानं ते बरोबर होतं. शपथपत्रात बायको येते, अवलंबून असलेली लेकरं येतात. कमावती सून येत नाही. ही फट मला वकील म्हणून ठाऊक होती, आमच्या बैठकीत मीच ती समजावून सांगितली होती. पण त्या फटीत माझ्या बहिणीला असं उभं करतील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. दवाखान्याच्या बाकावर बसलेला तो माणूस मला दिसत होता आणि हातातली ओळ दिसत होती, आणि दोन्ही एकाच माणसाचं कसं, ते मला जुळवता येईना.

आमच्या नियमाप्रमाणं प्रश्न आणि उत्तर दोन्ही लोकांपुढं ठेवलं. जिल्ह्याच्या पेपरांनी छापलं.

त्यानंतर तिचा फोन लागेना. अप्पा रोज विचारायचे, "काय म्हनती पोरगी?" मी म्हणायचे, कामात असेल. शेवटी जावयानं फोन उचलला आणि खालच्या आवाजात सोलापूरचा एक पत्ता सांगितला. "सध्या तिकडं हाय ती. थोडे दिवस."

सोलापुरात एका नव्या इमारतीत फ्लॅट होता. तिनं दार उघडलं. आत एक दिवाण, एक फ्रिज, ओट्यावर नवी भांडी, त्यांच्यावरची कागदी लेबलं अजून निघाली नव्हती. भाचीचं काहीच दिसत नव्हतं, चप्पल नाही, दप्तर नाही.

"ती कुठंय?"

"तिची शाळा तिकडं हाय ना. आज्जी-आजोबांपाशी ठेवलीय. रविवारी आनतेत." मग म्हणाली, "दर रविवारी न्हाय. जमंल तसं."

"तुला इथं का आणलं?"

"तू वकील हाईस, तुला कळत न्हाय व्हय? मी स्वतंत्र राहते असं लिहून दिलंय. उद्या कुनी चौकशीला आलं तर मी स्वतंत्र दिसाया नको?" ती हे अगदी शांतपणे सांगत होती, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. "राशनकार्ड येगळं केलं. लाइटबिल माझ्या नावावर केलं. आता मी खरंच येगळी राह्यते."

मी तिच्याजवळ बसले. तिनं माझा हात झिडकारला नाही आणि धरलाही नाही.

"त्या घरात पेपर सगळ्यांच्या आधी मी वाचायचे," ती म्हणाली. "सकाळी चहा टाकायचा अन् पेपर उघडायचा. त्या दिवशी बी उघडला. सून माझ्या कुटुंबात मोडत नाही, असं ठळक छापलं होतं. मी तो घडी घालून साहेबांच्या चहाशेजारी नेऊन ठेवला. ते म्हनले, बाळा, ते कायद्याचं बोलनं असतंय, मनावर घेऊ नको. मी म्हनलं, व्हय. अन् स्वयंपाकाला गेले. दुपारी सासूबाईंनी माझी बॅग भरली. त्या बी रडत हुत्या, आक्का. कुनी वाईट वागलं न्हाय मला. नीट जेवू घालून आनून सोडलं."

"चल माझ्याबरोबर. आत्ता चल."

"तिकडं आले की लेक गेली माझी. इथं हाय तवर ते आनतील तरी. वकीलबाईच्या घरी गेले तर दावा लावायला गेली म्हनतील."

मी पोटगीचे, मुलांच्या ताब्याचे दावे आयुष्यभर चालवले. तिला सांगण्यासारखं माझ्याकडं पुष्कळ होतं आणि त्यातलं एकही तिच्या उपयोगाचं नव्हतं. उठताना ती म्हणाली, "तू चुकलीस असं मी म्हनत न्हाय. त्या पोरींसाठी विचारायलाच पाह्यजे होतं. पन आता तुझ्याशी बोलायला माझ्याकडं काय उरलं न्हाय. थोडे दिवस फोन नको करू."

अप्पांना मी सगळं सांगितलं, लपवण्यात अर्थ नव्हता. ते ऐकून घेतल्यावर म्हणाले, "तू बराबर केलंस." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पन माझी लेक घरी आन." हे ते पुढं कितीतरी दिवस म्हणत राहिले, कधी जेवताना, कधी उगाच दारात उभे राहून, जणू मी बाजारातून काहीतरी आणायचं विसरले होते.

खात्यानं चौकशी केली. एका कनिष्ठ अभियंत्याची बदली झाली. साहेबांनी कोणताही नियम मोडलेला नाही, असा निष्कर्ष निघाला, आणि तो नियमाप्रमाणं खराच होता. वसतिगृहाच्या मुली एका मंगल कार्यालयात हलवल्या आणि लग्नसराई आली तसं त्यांना घरी पाठवलं. ज्या बाई माझ्याकडं पिशवी घेऊन आल्या होत्या, त्यांच्या मुलीचं पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. मला पत्रिका आली होती. मी गेले नाही. भाचीच्या नावाची फर्म बंद केली आणि नवी निघाली, ती साहेबांच्या जुन्या ड्रायव्हरच्या बायकोच्या नावावर. म्हणजे बहिणीला स्वतंत्र दाखवायचं कारण संपलं होतं. मला वाटलं, आता तिला परत नेतील.

नेलं नाही. कुणी नको असंही म्हटलं नाही. जावई आधी आठवड्याला यायचा, मग महिन्याला. भाचीला आजोबांच्या घराची सवय झाली. ती रविवारी आली की आईशेजारी पाहुण्यासारखी बसते आणि दुपार झाली की गाडी कधी येणार विचारते, असं बहिणीनं अप्पांना फोनवर सांगितलं. अप्पांशी ती बोलते. सोलापुरातल्याच एका कॉलेजात ती आता हिशेबशास्त्र शिकवते.

गेल्या हिवाळ्यात अप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती धाराशिवला आली. मी स्टँडवर आणायला गेले. ती बारीक झाली होती. माझ्या घरी ती तीन दिवस राहिली, पण घरात आम्ही फक्त औषधांचं बोललो. थेंब कधी घालायचे, हिरवी पट्टी कधी काढायची. अप्पांची पट्टी काढली तेव्हा त्यांनी आधी तिच्याकडं बघितलं, बघतच राहिले, आणि म्हणाले, "लई वाळलीस गं." ती म्हणाली, "तुमाला आता नीट दिसाया लागलं म्हनून."

अप्पा हसले. आम्ही दोघीही हसलो, एकाच वेळी.

दुसऱ्या दिवशी मी तिला सोलापूरच्या गाडीत बसवायला गेले. गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर तिनं विचारलं, "तुमचं ते रविवारचं अजून चालतं का?"

"चालतं. काकांना आता जमत नाही. आम्ही तिघंच असतो."

"आता कुनाचं बघताय?"

मी सांगितलं. दुसऱ्या तालुक्यातला एक दवाखाना. ज्यांनी निधी आणला त्यांच्या भावजयीच्या नावावर काम आहे.

ती समोरच्या फलाटाकडं बघत राहिली. "त्या भावजयीला कुनी विचारलंय का?"

"अजून नाही."

"मग कागद पाठवायच्या आधी तिच्याकडं जा," ती म्हणाली. "तिला बहीण नसंल तर तूच बस तिच्यापाशी जरा येळ."

गाडी लागली. मी तिची पिशवी वर चढवून दिली. खिडकीत बसल्यावर तिनं पदर डोक्यावर घेतला आणि मला हातानंच जा अशी खूण केली. मी गाडी हलेपर्यंत थांबले. ती समोर बघत होती. पुढच्या सीटवरच्या बाईचं बाळ मागं वळून तिच्याकडं हात पसरत होतं. गाडी स्टँडच्या फाटकातून बाहेर वळली तेव्हा तिनं ते बाळ घेतलं होतं की नाही, ते मला दिसलं नाही.